आपलं माणूस पृथ्वी सपाट आहे म्हणू लागलं, तर काय करावं

घरातलं कुणी, जुना मित्र किंवा वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी एक दिवस सहज म्हणते की पृथ्वी गोल नाहीच, सपाट आहे. आपला हात लगेच मोबाइलकडे जातो. अंतराळातून काढलेला फोटो दाखवला की विषय मिटला, असं वाटतं. तो फोटो दाखवू नका. समोरच्याच्या मते ज्यांनी तो काढला तेच खोटं बोलतायत. त्यांचाच फोटो तुम्ही पुराव्याला आणलात की तुम्हीही त्यांच्याच बाजूचे, एवढंच त्याच्या मनात पक्कं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, काही वर्षांपासून सपाट पृथ्वी मानतो. शिकलेला आहे, हाताने कसबी आहे, बिघडलेलं यंत्र उघडून बसलं की दुरुस्त करूनच उठतो. त्याच्याशी बोलता बोलता मला जे उमगलं आणि पुढे वर्गातल्या मुलांशी, त्यांच्या पालकांशी बोलताना जे कामी आलं, ते इथे लिहिते. या माणसांचा भूगोल कच्चा असतो म्हणून हे होतं, असं मला आता अजिबात वाटत नाही. कुणावर तरी असलेला भरवसा आधी मोडतो, पृथ्वी त्यानंतर सपाट होते. म्हणून आधी ऐकावं लागतं. आणि पुरावा द्यायचाच तर तो त्याच्या स्वतःच्या हातून निघेल, कुणाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही, असा निवडावा लागतो.

त्याच्या डोळ्यांना खोटं पाडू नका

जमीन सपाट दिसते हे त्याचं म्हणणं खरं आहे. ते मोकळेपणाने मान्य करूनच बोलायला सुरुवात करा.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथाच्या गोलाध्याय या भागात हाच प्रश्न घेतला होता: पृथ्वी गोल, तर मग ती सपाट का भासते? त्यांचं उत्तर असं, की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच वाटतो. पृथ्वी अवाढव्य आणि तिच्या पाठीवर उभा असलेला माणूस अगदीच लहान, तेव्हा त्याला ती सपाट वाटणारच. आता आकडे घालून बघा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. आणि मोकळ्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज असतं साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर. एवढ्याशा तुकड्यावरून वळण दिसावं ही अपेक्षाच चुकीची. भास्कराचार्यांनी पाहणाऱ्याला वेड्यात काढलं नाही, त्याला तसं का दिसतं ते सांगितलं. मला ही रीत फार मोलाची वाटते आणि मी तीच धरून चालते.

दुसरं असं, की ‘पृथ्वी गोल आहे’ हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं, पटलेलं नसतं. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ६० शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना विचारलं, पृथ्वीचा आकार कसा? बहुतेकांनी बरोबर उत्तर दिलं. मग विचारलं, सरळ चालतच राहिलो तर शेवटी कुठे पोचू? कडेवरून पडू का? इथे खरं चित्र बाहेर आलं. कुणाच्या मनात तबकडी होती. कुणाच्या मनात पोकळ चेंडू होता आणि माणसं त्याच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींनी तर दोन पृथ्व्या मानल्या होत्या, एक आकाशात असलेली गोल आणि दुसरी आपल्या पायाखालची सपाट. हेच प्रश्न मी माझ्या वर्गात विचारते तेव्हा परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही अडखळतात. मोठेपणी ती पाठ केलेली ओळ तशीच राहते, तिच्याखाली आधार काही नसतो. मग एखादा व्हिडिओ विचारतो, ‘तुला शाळेत सांगितलं म्हणून तू मानतोस ना? कधी तपासलंस?’ प्रामाणिक माणूस गप्प होतो.

माझ्या भाच्याने मला हेच विचारलं होतं. ‘मावशी, तू स्वतः कधी मोजलंयस?’ मी म्हटलं, ‘मोजलंय, आणि तुलाही मोजता येईल. पण ते नंतर. आधी तू काय काय पाहिलंस ते सांग, मी ऐकते.’ त्याच्याकडून कुणी सगळं ऐकून घ्यायला बसलंय, असं बऱ्याच दिवसांनी घडत होतं.

कधीपासून, आणि त्याच्या आधी काय झालं

ऐकताना दोनच प्रश्न विचारा. हे पहिल्यांदा कुठे ऐकलंस? आणि त्या सुमाराला तुझं काय चाललं होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. टेक्सास टेक विद्यापीठातल्या अ‍ॅशली लँड्रम यांनी २०१७ आणि २०१८ मध्ये अमेरिकेत भरलेल्या सपाट पृथ्वीवाल्यांच्या संमेलनांना जाऊन ३० जणांच्या मुलाखती घेतल्या. एक जण सोडून बाकी सगळ्यांनी सांगितलं, की यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून मत बदललं. उरलेल्या एकाला त्याच्या मुलीने आणि जावयाने सांगितलं होतं, आणि त्या दोघांनी ते यूट्यूबवर पाहिलेलं होतं. कित्येक जण आधी दुसऱ्याच कुठल्या तरी कारस्थानाचे व्हिडिओ बघत होते, त्यातून हे समोर आलं. काही तर ते खोडून काढायला म्हणून बघायला बसले आणि त्यातच अडकले. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबने असे व्हिडिओ सुचवणं कमी करू असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी दिलेल्या उदाहरणांत सपाट पृथ्वीचं नाव होतं.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो. उत्तर एका बैठकीत मिळत नाही. माझ्या भाच्याचं मला हळूहळू कळलं. तो जिथे नोकरीला होता तिथे शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक आहे असं सांगत होते, आणि एके दिवशी निम्म्या लोकांना घरी पाठवलं. वरिष्ठांना ते कितीतरी आधी ठाऊक होतं. एवढ्या लोकांच्या तोंडावर एवढे लोक इतक्या सहज खोटं बोलू शकतात, हे त्याने अनुभवलं होतं. त्यानंतर रात्री झोप लागेना आणि तो व्हिडिओ बघत बसायला लागला. तिथे त्याला त्याच्यासारखीच माणसं भेटली. ती त्याचं लिहिलेलं वाचत होती, उत्तर देत होती, ‘तुला कळलं, इतरांना कळत नाही’ म्हणत होती.

हे समजल्यावर माझं बोलणं बदललं. तुमच्या माणसाची हकिकत वेगळी असेल. पण ती हकिकत कळेपर्यंत त्रिज्या आणि वक्रता काढू नका. त्याच्याशी कुणी खोटं बोललं असेल तर ‘हो, ते खोटंच बोलले तुझ्याशी’ असं स्पष्ट म्हणा. ते खरंच आहे, आणि खरं ते खरं म्हणणारं माणूस म्हणून तुमची जागा तिथून तयार होते.

पैज लावू नका, चारचौघांत बोलू नका

सपाट पृथ्वीचा आजचा पंथ प्राचीन अज्ञानातून आला असं समजलं जातं. तसं नाही. आर्यभटांच्या काळात, त्याच्याही आधी ग्रीकांकडे, अभ्यासू माणसं पृथ्वी गोल मानत होती. आजच्या व्हिडिओंची मुळं १९व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहेत. सॅम्युअल बर्ली रोबॉथम नावाच्या गृहस्थाने १८३८ मध्ये बेडफर्ड कालव्याच्या सहा मैल सरळसोट पट्ट्यावर प्रयोग केला. पाण्यात उतरून डोळे पाण्यापासून जेमतेम वीस सेंटिमीटर वर ठेवले आणि निशाण लावलेली होडी लांब जाताना पाहिली. सहा मैलांवरही ती दिसत राहिली. म्हणजे पाण्याला वळण नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. १८४९ मध्ये ‘पॅरॅलॅक्स’ या टोपणनावाने पत्रक काढलं, गावोगाव व्याख्यानं दिली, १८६५ मध्ये ग्रंथ छापला. ‘पंडितांवर विसंबू नका, स्वतः बघा’ हे त्याचं सांगणं, आणि आजचे व्हिडिओ तेच सांगतात.

होडी त्याला खरंच दिसली असणार. पाण्यालगतची हवा थंड आणि दाट असली की प्रकाशाचा किरण पृथ्वीच्या वळणाच्या दिशेने खाली वाकतो आणि वळणाआडची वस्तू वर उचलल्यासारखी दिसते. डोळा पाण्याच्या जितका जवळ, तितका हा परिणाम जास्त.

१८७० मध्ये जॉन हॅम्पडेन या रोबॉथमच्या अनुयायाने ५०० पौंडांची पैज लावली: पाण्याचं वळण सिद्ध करून दाखवा. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती घेतली. हेच ते वॉलेस, ज्यांना डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सुचला होता. तरुणपणी त्यांनी जमिनीची मोजणी केलेली होती, त्यामुळे मेख कुठे आहे ते त्यांना लगेच कळलं. त्याच कालव्यावर त्यांनी दुर्बीण पाण्यापासून १३ फुटांहून उंच ठेवली, सहा मैलांवरच्या पुलावर तेवढ्याच उंचीवर खूण लावली आणि बरोबर मध्यावर तेवढ्याच उंचीची तबकडी उभी केली. पाणी सपाट असतं तर तिन्ही एका रेषेत दिसायला हवं होतं. मधली तबकडी रेषेच्या वर दिसली. पंचाने वॉलेस जिंकले असा निकाल दिला.

हॅम्पडेनने तो मानला नाही. पुढची कित्येक वर्षं त्याने वॉलेसना बदनाम करणारी पत्रं लिहिली, त्यांच्या पत्नीला नवऱ्याची हाडं मोडण्याच्या धमक्या पाठवल्या, त्यापायी तुरुंगातही गेला. आणि पैजेचा व्यवहार कायद्याने बंधनकारक नसल्यामुळे वॉलेसना जिंकलेले पैसेही परत करावे लागले. प्रयोग चोख होता. पण मोठी रक्कम, वर्तमानपत्रं आणि बघायला जमलेले लोक यांच्यापुढे हॅम्पडेनला मागे फिरायला वाटच उरली नाही.

म्हणून हे बोलणं दोघांतच ठेवा. घरच्या समारंभात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय काढू नका. त्यानेच तिथे काही टाकलं तर गप्पही बसू नका, कारण ते इतर लोक वाचत असतात. एकदाच, दोन ओळींत, चेष्टा न करता चूक काय ते लिहा आणि पुढचं त्याला फोन करून बोला. ग्रुपवर कुणी त्याची टिंगल करत असेल तर ती थांबवणं हे तुमचंच काम आहे. भावाबहिणींपैकी कुणीतरी हसत असतंच.

मोजण्याआधी अट लिहून घ्या

भेटून बसल्यावर पहिला प्रश्न: ‘काय दिसलं तर तुझं मत बदलेल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं तर त्या दिवशी पृथ्वीबद्दल बोलूच नका, दुसरं काहीतरी बोला. उत्तर आलं तर ते त्याच्या शब्दांत, त्याच्याच अक्षरात कागदावर घ्या. तुम्हीही लिहा, काय दिसलं तर तुमचं मत बदलेल ते. हे मनापासून लिहा. तुम्ही मोकळे नसाल तर तो का असावा?

अट आधी का लिहायची, याचं एक उदाहरण सगळ्यांसमोर आहे. २०१८ च्या एका माहितीपटात सपाट पृथ्वीवाल्यांचा गट २०,००० डॉलरचा लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारं उपकरण, विकत घेतो. पृथ्वी फिरत असेल तर त्यात तासाला १५ अंशांचा फरक दिसेल, फिरत नसेल तर दिसणार नाही. उपकरणाने तासाला १५ अंशच दाखवले. गटाने निष्कर्ष बदलला नाही, हा फरक ‘आकाशातल्या ऊर्जे’मुळे आला असं म्हणत ती ऊर्जा अडवण्यासाठी जायरोस्कोपवर निरनिराळी आवरणं घालायची खटपट सुरू केली. प्रयोग त्यांनीच निवडला होता, पैसा त्यांचा होता, मोजमाप अचूक होतं. फक्त ‘१५ अंश आले तर आपण काय मानायचं’ हे आधी ठरवलेलं नव्हतं.

सूर्याचं बिंब: मला सगळ्यात आवडणारी चाचणी

चाचणी अशी हवी, की जिला कुठल्याही संस्थेचा आकडा लागणार नाही, प्रवास लागणार नाही, आणि तिचं उत्तर दोन्ही बाजूंनी आधी सांगता येईल. मी सूर्य घेते.

आधी त्यालाच त्याचा नकाशा काढायला सांगा. बहुतेक सगळे एकच काढतात: मध्यभागी उत्तर ध्रुव, भोवती खंडं, कडेला अंटार्क्टिकाची बर्फाची भिंत. तबकडीची त्रिज्या २०,००० किलोमीटर. सूर्य लहान आणि जवळ, जमिनीपासून सुमारे ५,००० किलोमीटरवर, ध्रुवाभोवती गोल फिरणारा. हे आकडे त्याचे आहेत, तुम्ही बदलू नका. मग त्याच्याच आकड्यांनी विषुवदिनाचं, म्हणजे मार्च किंवा सप्टेंबरमधल्या दिवसरात्र समान असलेल्या दिवसाचं, गणित करायला बसा.

सूर्य त्या दिवशी विषुववृत्तावर, म्हणजे ध्रुवापासून १०,००० किलोमीटरवर फिरत असणार. विषुववृत्तावरच्या माणसाला दुपारी तो बरोबर डोक्यावर, ५,००० किलोमीटरवर. चार तासांनी तो वर्तुळाचा सहावा भाग पुढे गेला, म्हणजे आडवं अंतर १०,००० किलोमीटर झालं. पायथागोरस लावला की सूर्य ११,१८० किलोमीटरवर. सहा तासांनी, मावळतीच्या वेळी, आडवं अंतर १४,१४२ आणि सूर्यापर्यंतचं अंतर बरोबर १५,०००. दुपारच्या तिप्पट. म्हणजे मावळताना सूर्य दुपारच्या एक तृतीयांश दिसायला हवा. शिवाय तो क्षितिजापासून सुमारे १९.५ अंश वर असायला हवा, म्हणजे मावळताच कामा नये, आणि दिशा पश्चिमेऐवजी वायव्य यायला हवी. तीन भाकितं, तिन्ही तपासता येण्याजोगी. तुम्ही विषुववृत्तापासून दूर असाल तर आकडे बदलतील, पण दुपारपासून संध्याकाळपर्यंत बिंब लहान होत जायला हवं हे बदलत नाही.

आता मोजायचं. पुठ्ठ्याच्या लांब नळ्या एकमेकींना जोडून दोन मीटर लांबीची एक सरळ नळी करा. एका टोकाला अ‍ॅल्युमिनियमची पातळ फॉइल ताणून चिकटवा आणि तिला टाचणीने एक बारीक छिद्र पाडा. फॉइलला सुरकुती नको, छिद्राची कड फाटलेली नको. दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद नळीशी काटकोनात बसवा आणि कागद दिसेल एवढी खिडकी बाजूला कापा. छिद्राचं टोक सूर्याकडे करा, पाठ सूर्याकडे ठेवा आणि खिडकीतून कागदावरचं बिंब बघा. छिद्रातून थेट सूर्याकडे कधीही, क्षणभरही बघू नका. मुलं बरोबर असतील तर नळी मोठ्या माणसानेच धरायची.

नळी सूर्याच्या रेषेत आली की कागदावर पांढरा ठिपका उमटतो. दोन मीटरवर तो साधारण १९ मिलिमीटरचा असतो. कड थोडी पुसट दिसते, म्हणून पेन्सिलने समोरासमोरच्या दोन कडांना खुणा करून मग पट्टीने अंतर घ्या. कागद तिरका बसला असेल तर ठिपका लंबगोल होतो. तसं झालं तर माप घेऊ नका, कागद नीट करा. दुपारी ऐन माथ्यावर सूर्य असताना एकदा आणि चार तासांनी पुन्हा, तीच नळी, तेच छिद्र, तोच कागद.

भाच्याने अट लिहिली होती: दुसरं माप पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास आलं तर मावशीने मानायचं, तेवढंच आलं तर मी मानायचं. नळी त्यानेच बनवली, माझ्यापेक्षा सुबक. दुपारची खूण केली. चार तासांनी ठिपका फिकट झाला होता, पण जुन्या खुणांमध्येच येऊन बसला. तो बराच वेळ नळी हलवत राहिला, कागद काढून पुन्हा लावला. मग म्हणाला, ‘हवेमुळे मोठा दिसत असेल.’

हे उत्तर येणार हे धरून चाला. त्यावर आवाज चढवू नका. मी एवढंच विचारलं, ‘हवेने दुपटीहून जास्त मोठा करायचा, आणि तोही दिवसभर प्रत्येक क्षणी बरोबर तेवढाच, की माप हलूच नये. हे कसं होईल, ते तू मला काढून दाखवशील?’ तो कागद घेऊन गेला. कसं होतं ते पायरीपायरीने समजावून सांगायला बसल्याशिवाय आपल्याला किती कमी माहीत आहे हे माणसाला कळत नाही. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये साध्या कुलपांपासून झिपपर्यंतच्या वस्तूंवर हेच दाखवलं होतं. म्हणून समजावून सांगण्याचं काम शक्य तेवढं त्याच्याकडे सोपवा.

आकड्यांची आवड असेल तर याच्याच पुढची चाचणी काठीच्या सावलीची. एरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन ठिकाणांवरून पृथ्वीचा परीघ काढला, हे आपण उत्साहाने सांगतो. पण फक्त दोन काठ्यांनी गोल की सपाट हे ठरत नाही. सपाट जमीन आणि जवळचा सूर्य मानला तरी दोन सावल्यांचा मेळ बसतो. तिसरी काठी हवी. विषुवदिनी भरदुपारी १५, ४५ आणि ६० अक्षांशांवरच्या ओळखीच्या माणसांना काठी आणि सावली मोजायला सांगा आणि जमीन सपाट धरून सूर्याची उंची काढा. पहिल्या ठिकाणी ती सुमारे ६,२०० किलोमीटर येते, दुसऱ्या ठिकाणी ५,०००, तिसऱ्या ठिकाणी ३,८५०. एकच सूर्य एकाच दिवशी तीन उंचींवर असू शकत नाही. सपाट पृथ्वीवाल्यांचा ५,०००चा आकडा मधल्या अक्षांशावरच तेवढा बरोबर येतो.

ज्या चाचण्या टाळाव्यात

विमानाच्या खिडकीतून दिसणारं वळण, क्षितिजाआड जाणारं जहाज, लांबच्या डोंगराचा पायथा. या सगळ्यांत हवेतलं अपवर्तन (म्हणजे किरणांचं वाकणं), काचेचा बाक आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची घोटाळा करतात. व्हिडिओंमध्ये ‘मैलाला आठ इंच, गुणिले मैलांचा वर्ग’ हे सूत्र वापरून ‘एवढं लपायला हवं होतं, लपलं नाही’ असं दाखवतात. त्या सूत्रात डोळ्याची उंची येतच नाही, आणि उंचावरून पाहिलं की क्षितिज दूर सरकतं. हे एकदा सांगून ठेवा, पण त्यावर संध्याकाळ घालवू नका.

एका वेळी एकच प्रश्न

एक मुद्दा अडचणीचा झाला की बोलणं दुसरीकडे उडी मारतं. सूर्यावरून नासा, नासावरून अंटार्क्टिका. तुम्ही मागोमाग पळू नका. कागदाच्या खाली ‘नंतर’ असा रकाना करा आणि तिथे त्याचा प्रश्न लिहून ठेवा. आणि नंतर खरंच त्याच्याकडे वळा, नाहीतर तो रकाना म्हणजे फसवणूक ठरेल.

अंटार्क्टिकावर कुणाला जाऊ देत नाहीत, हा प्रश्न बहुतेक येतोच. १९५९ च्या करारावर आधी १२ देशांनी सह्या केल्या, त्यात लष्करी हालचालींना बंदी आणि संशोधनाला मोकळीक आहे. पर्यटक तिथे दर वर्षी हजारोंनी जातात. विमानप्रवासाचा प्रश्न निघाला तर सिडनी ते सँटियागो हे उड्डाण बघायला सांगा. थेट विमान सुमारे साडेबारा तासांत पोचतं. त्याच्या नकाशावर हे अंतर २५,००० किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे प्रवासी विमानाने तासाला २,००० किलोमीटरच्या वेगाने उडायला हवं. आणि ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका किंवा चिली इथे कुणी ओळखीचं असेल तर विचारायला सांगा, त्रिशंकू हा तारकासमूह कुठल्या दिशेला दिसतो. तिघंही दक्षिण म्हणतील. त्याच्या नकाशावर त्या तीन दक्षिण दिशा तीन वेगवेगळ्या बाजूंना जातात.

मत बदललं तर, नाही बदललं तर

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले विल डफी नावाचे पाद्री दोन्ही बाजूंच्या काही लोकांना अंटार्क्टिकावर घेऊन गेले. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही, आणि सपाट नकाशावर हे शक्यच नाही. जेरन कँपानेला हा सपाट पृथ्वीचा वर्षानुवर्षं प्रचार करणारा माणूस तिथे गेला, सूर्य आकाशात पूर्ण फेरी घेताना त्याने पाहिला आणि याबाबतीत मी चुकलो होतो असं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्याच्याच गोटातल्या अनेकांनी ते चित्रण बनावट ठरवलं आणि त्याला विकला गेलेला म्हटलं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. मत बदलणारा नुसतं मत सोडत नाही, रात्री-अपरात्री त्याच्याशी बोलणारी माणसं सोडतो. तेव्हा तुमच्या माणसाने ‘माझं चुकलं असेल’ असं अर्ध्या आवाजात म्हटलं तर ते इतरांना सांगू नका, ‘मी म्हटलं नव्हतं का’ म्हणू नका, आणि पुढचे काही आठवडे त्याला मुद्दाम फोन करत राहा.

मत बदललं नाही तरी फोन करा. भाचा आज असा आहे, की सूर्य जवळ आणि लहान आहे हे त्याने सोडलंय, अंतराळातले फोटो मात्र अजून मानत नाही. मला ही प्रगती वाटते. फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा: हा अविश्वास औषधोपचार सोडण्यापर्यंत, मुलांची शाळा बंद करण्यापर्यंत किंवा साठवलेला पैसा कुणाच्या हवाली करण्यापर्यंत पोचत असेल, तर पृथ्वीचा विषय बाजूला ठेवून त्या गोष्टीवर सरळ आणि ठाम बोला, गरज पडली तर घरच्या इतरांना बरोबर घेऊन.

आम्ही दोघांनी पुढची चाचणी चंद्रग्रहणाची ठरवली आहे. तुम्ही करणार असाल तर ती अशी: सारख्याच मापाची वर्तुळं आधी काढून ठेवा आणि खंडग्रास सुरू झाल्यापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीची कड एकेका वर्तुळात रेखत जा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चापावर कंपास लावून त्याचं पूर्ण वर्तुळ काढा. पृथ्वीची सावली चंद्राच्या अडीच ते पावणेतीन पट व्यासाची यायला हवी, आणि कुठल्याही ग्रहणात, चंद्र आकाशात कुठेही असला तरी, ती गोलच यायला हवी. सावलीची कड पुसट असते, त्यामुळे एकाच चापावर निकाल लावू नका. पाच-सहा चाप तरी घ्या आणि त्यांची सरासरी काढा.